माहेरची वाट बंद होती तेव्हा (लेखांक ५)

नवऱ्याचा मार खाणारी बाई आधी पोलीस चौकीत जात नाही, माहेरी जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या शंभर जणींपैकी जेमतेम चौदा जणींनी मदत मागितली होती, आणि त्यांतल्या बहुतेकींनी ती घरच्यांकडेच मागितली. चार दिवस आईकडे राहून आलं की मार थांबतो असं नाही, पण उसंत मिळते. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि ही उसंत गेली. एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दी बंद, नवरा चोवीस तास घरात.

‘प्यायला की मारतो’ हे आपण किती सहज बोलून जातो! त्या एप्रिलमध्ये दारूची दुकानं बंद होती, तरी राष्ट्रीय महिला आयोगाकडे तक्रारी येतच राहिल्या. फोनवर बोललं तर नवऱ्याला ऐकू जातं, म्हणून १० एप्रिलला आयोगानं व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला.

आमच्या मागच्या चाळीतल्या एका ताईंनी पुढे मला त्यांचे ते दिवस सांगितले. बाथरूमचा नळ मोठा सोडून त्या बहिणीशी बोलायच्या आणि लगेच नंबर पुसून टाकायच्या. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले पिशवीत बांधून तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवलेले. शेजारच्या काकूंशी खूण ठरलेली: खिडकीत लाल टॉवेल दिसला की काकू मास्क लावून, वाटी घेऊन साखर मागायला येणार. दार वाजलं की उगारलेला हात खाली यायचा. बघणाऱ्याला वाटलं असतं, बिचारी निमूट सोसतेय. ताईंचा मात्र रोज हिशेब चालू होता: आज काय बोलायचं, काय गिळायचं, मुलांना कधी काकूंकडे पाठवायचं.

या चिवटपणाचं कौतुक करून आपण मोकळे होतो, याचा मला राग येतो. निघून जायचं ते तिनंच का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि गरज पडली तर न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. ‘घर माझ्या बापाच्या नावावर आहे’ ही धमकीही आता पूर्वीसारखी चालत नाही. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सून ज्या घरात नांदली ते सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते.

एसटी सुरू झाली तेव्हा ताई माहेरी गेल्या नाहीत. त्या याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे गेल्या. तिथल्या टेबलावर पिशवी सोडली, तर जन्मदाखल्यांच्या घड्यांत तांदळाची पांढरी भुकटी बसलेली होती.

(पुढच्या आठवड्यात: संरक्षण अधिकाऱ्याकडे गेल्यावर पुढे काय होतं?)