‘वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!’
साखरेशी ओळख : लेखांक ६

‘‘तुम्हाला शुगर? वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!’’ मधुमेह असलेल्या, पण अंगाने बारीक असलेल्या माणसाला हे वाक्य किती वेळा ऐकावं लागतं, ते त्यालाच विचारा. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. ऐकणारा कसनुसा हसतो आणि विषय बदलतो. जाड माणसाच्या वाट्याला वेगळं वाक्य येतं : ‘‘तरी म्हटलं, अजून कशी झाली नाही तुम्हाला!’’ आणि लहान मुलाच्या आईला : ‘‘एवढ्याशा पोराला शुगर? चॉकलेटं फार देत होतीस का गं?’’

मागच्या लेखांकात आपण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीए१सी तपासणीबद्दल बोललो. रिपोर्टवरचा आकडा समजून घेणं त्या मानाने सोपं. त्या आकड्यासोबत घरीदारी जे ऐकून घ्यावं लागतं, त्याबद्दल आज लिहितो आहे. या सगळ्या शेऱ्यांमागे एक ठरीव चित्र आहे : पन्नाशी गाठलेला, पोट सुटलेला, गोडाचा शौकीन, खाऊनपिऊन सुखी पुरुष. हे चित्र कुठेही अपुरंच ठरेल, पण आपल्या देशात ते धोक्याचं आहे. त्यापायी बारीक माणसांची तपासणी राहून जाते, निदान उशिरा होतं, आणि कधी कधी एखादं मूल जिवाला मुकतं. म्हणून हा नुसता बोलण्यातल्या शिष्टाचाराचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही.

हे चित्र फार जुनंही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मधुमेह म्हटलं की हाडांचा सापळा झालेली मुलंही येत. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरंटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, तेव्हा त्याचं वजन ३० किलोच्या आसपास होतं. इन्सुलिन हाती येण्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच काय तो उपचार होता. आणखी मागे गेलं तर सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यांत येतो त्या आजारांचे, दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मतः येणारा आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. चरकसंहितेतही बारीक आणि जाड रोग्यांचा उपचार वेगवेगळा सांगितला आहे. आपल्या वैद्यांना दोन्ही शरीरं ठाऊक होती. मधल्या काळात आपण त्यांतलं एक विसरलो.

ते विसरलेलं शरीर पुन्हा नीट पाहिलं गेलं ते पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या लक्षात आलं की पाश्चात्त्य पुस्तकांत मधुमेही जसा वर्णन केलेला असतो, तसा तो आपल्या दवाखान्यात दिसत नाही. इथला रुग्ण वयाने लहान आणि अंगाने बारीक. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन शिडशिडीत डॉक्टर. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा : २२.३. डोळ्यांनी पाहून दोघांत काही फरक सांगता येणार नाही. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. वजनकाट्याने ती लपवली होती आणि आरशानेही.

मला या फोटोत फार महत्त्वाची गोष्ट दिसते. ‘वाटत नाही हो’ या वाक्याला यापेक्षा नेमकं उत्तर मिळणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे हातपाय काटकुळे, चेहरा उतरलेला, आणि तरी पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतात चरबी साठलेली असते. स्नायू मात्र कमी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. ते कमी आणि आतली चरबी जास्त, अशी जोडी जमली की इन्सुलिन असूनही त्याचा हुकूम पुरता चालत नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाला जास्त राबावं लागतं आणि काही वर्षांनी ते थकतं.

हे कुठून सुरू होतं, याचा शोध याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत घेतला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात गावातल्या बायकांची गर्भारपणाच्या आधीपासून नोंद ठेवली गेली. शेतात राबणाऱ्या, लहानखुऱ्या, कमी वजनाच्या बायका. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साधारण ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सगळ्यांत सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, मात्र पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळपास तेवढीच. पुढे नाळेतलं रक्त तपासलं तर त्यात इन्सुलिनही जास्त आढळलं. म्हणजे ‘अगदी एवढंसं आहे हो’ असं आपण ज्या बाळाला म्हणतो, त्याच्या अंगात पुढच्या आजाराची तयारी आईच्या पोटातच झालेली असू शकते. आईला पुरेसं खायला मिळालं नाही, याचा तो हिशेब आहे. अशा घरातल्या माणसाला चाळिशीत शुगर निघाली आणि कुणी त्याला ‘श्रीमंतांचा आजार’ म्हणालं, तर मला त्याचा मनापासून राग येतो.

आशियाई लोकांसाठी वजनाची धोक्याची रेषा म्हणूनच खाली आणली गेली आहे. युरोपीय माणसाला बॉडी मास इंडेक्स २५ झाला की जपायला सांगतात, आपल्याला २३ लाच. कमरेचं माप पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांसाठी ८० च्या आत असावं. हे माप पँटच्या नंबरावरून काढू नका. पट्टी शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, आणि पोट आत ओढायचं नाही. गावात आशाताई ३० वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म भरून घेतात, त्यातही कमरेचं माप असतं ते याचसाठी.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने भारतीयांसाठी तयार केलेला एक साधा गुणतक्ता आहे. त्यात चारच गोष्टी विचारतात : वय, कमरेचं माप, व्यायाम आणि आईवडिलांना मधुमेह आहे का. वजन विचारतच नाहीत. वय ५० च्या पुढे असेल तर ३० गुण, अंगमेहनत किंवा व्यायाम काहीच नसेल तर आणखी ३०. झाले ६०, आणि ६० म्हणजे जास्त धोका. कंबर कितीही बारीक असो, घरात कुणाला मधुमेह नसो, दिवसभर खुर्चीत बसणारा पन्नाशीचा सडसडीत माणूसही त्या गटात येतो. आपल्या ओळखीत असे किती जण आहेत ते आठवून पाहा. त्यांतल्या किती जणांनी आजवर रक्त तपासलं आहे?

देशातली परिस्थितीही बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या राष्ट्रव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सगळ्यांत जास्त प्रमाण निघालं गोव्यात, २६.४ टक्के. दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. इतक्या माणसांचा एकच चेहरा कसा असेल? त्यांत रिक्षावाले आहेत, भात लावणाऱ्या बायका आहेत, मासे विकणाऱ्या मावश्या आहेत, कॉलेजात जाणारी मुलं आहेत.

जाड माणसांबद्दलही बोललं पाहिजे. वजनाने धोका वाढतो, हे खरं. पण पुष्कळ जाड माणसांना आयुष्यभर मधुमेह होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांनी तो ‘ओढवून घेतला’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. आनुवंशिकता, झोप, काही औषधं, आईच्या पोटातलं पोषण, असं बरंच काही त्यात असतं. चारचौघांत ताटातली जिलबी मोजणाऱ्या नातेवाइकामुळे कुणाची साखर खाली आल्याचं मी पाहिलेलं नाही. लग्नाकार्याला जाणं बंद केलेली माणसं मात्र पाहिली आहेत.

रूपावरून आणि वयावरून अंदाज बांधण्याची चूक डॉक्टरांकडूनही होते. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना वयाच्या ५६ व्या वर्षी मधुमेह निघाला. या वयात निघाला म्हणजे तो टाइप २, म्हणजे वर सांगितलेला इन्सुलिनचा हुकूम पुरता न चालण्याचा प्रकार असणार, असं धरून गोळ्या दिल्या गेल्या. गोळ्यांनी काम होईना, तेव्हा पुन्हा तपासणी झाली आणि तो टाइप १ असल्याचं कळलं. टाइप १ म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. त्याचा खाण्याशी, गोडाशी, आळसाशी काहीही संबंध नाही, आणि तो कोणत्याही वयात होऊ शकतो. वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेहाचं निदान झालं, तेव्हा तो जगातला अव्वल वेगवान गोलंदाज होता. त्यानंतर इन्सुलिन घेत तो २००३ पर्यंत खेळला आणि त्या वर्षीच्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला ५०० वा बळी घेतला. त्याला धावत येताना बघून कोण म्हणालं असतं?

इन्सुलिन घेणाऱ्यांना दिसण्याचा आणखी एक जाच सोसावा लागतो. जर्मन टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्ह लहानपणापासून टाइप १ चा रुग्ण आहे. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये कोर्टवर इन्सुलिन टोचून घ्यायला त्याला अडवलं गेलं. ते विचित्र दिसतं असं आपल्याला सांगण्यात आलं, हे त्यानेच नंतर पत्रकारांना सांगितलं. मग चूक लक्षात आली आणि परवानगी मिळाली. जगात नावाजलेल्या खेळाडूची ही गत, तर ऑफिसच्या डब्याच्या वेळी इन्सुलिनचं पेन काढणाऱ्या मुलीची काय असेल? ती बाथरूममध्ये जाऊन टोचून घेते. पुष्कळशा मुली असंच करतात, कारण ‘लग्न ठरेपर्यंत कुणाला दिसू देऊ नकोस’ असं घरातूनच सांगितलेलं असतं. अशाने एखादा डोस चुकतो, आणि चुकलेल्या डोसाचे परिणाम तिला एकटीला भोगावे लागतात.

अशाच एका मुलीने मला सांगितलेला प्रसंग लिहितो. चुलतभावाचं लग्न. मुहूर्त लांबला, जेवण लांबलं, सकाळी घेतलेलं इन्सुलिन मात्र आपलं काम करत राहिलं. तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर ७० च्या खाली घसरली की हे होतं, आणि त्यावर तात्काळ उपाय एकच : तीन चमचे साखर किंवा तेवढं गोड पाणी. तिने समोरच्या ट्रेमधला सरबताचा पेला उचलला. शेजारच्या मावशींनी तो हातातून काढून घेतला. ‘‘अगं, तुला चालत नाही ना हे! आणि घाम किती आलाय, वर पंख्याखाली बस जा.’’ तिला सांगायचं होतं, पण साखर उतरली की जीभ जड होते, शब्द सापडत नाहीत. लांबून बहिणीने पाहिलं, ती धावत आली आणि तिने अख्खा पेला तिच्या तोंडाला लावला. मावशी प्रेमळच होत्या. त्यांना माहीत नव्हतं, इतकंच. त्यांना माहीत व्हावं म्हणून हे छापतो आहे : मधुमेही माणूस घामाघूम होऊन बरळायला लागला, तर तो प्यायलेला आहे असं समजू नका आणि त्याच्या हातातलं गोड काढून घेऊ नका. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता मुलांबद्दल, कारण तिथे दिवस मोजायलाही वेळ नसतो. शाळेतली मुलगी महिन्याभरात चार किलोंनी उतरते आणि भेटेल तो म्हणतो, ‘‘किती छान बारीक झालीस गं!’’ आईला वाटतं, उंची वाढते आहे. पोर रात्री तीन-चारदा उठून पाणी पिते, लघवीला जाते. कधीच अंथरूण ओलं न करणारं मूल पुन्हा करायला लागतं. मोरीत लघवीच्या जागी मुंग्या लागतात. आमच्या आज्यांना हे लक्षण ठाऊक होतं, हल्लीच्या फरशीच्या बाथरूममध्ये ते दिसत नाही. मग एक दिवस उलट्या, पोटदुखी, धापा टाकल्यासारखा खोल श्वास, आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून उलटीचं औषध दिलं जातं. इन्सुलिन नसल्यामुळे रक्तात आम्ल साठत चाललेलं असतं, आणि अशा अवस्थेत तासांचाही उशीर महागात पडतो.

म्हणून तहान, वारंवार लघवी आणि उतरतं वजन ही तीन लक्षणं एकत्र दिसली, की मूल गुटगुटीत असो वा काटकुळं, घरात कुणाला शुगर असो वा नसो, त्याच दिवशी बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त ग्लुकोमीटरवर तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या दवाखान्यात हे मिनिटभरात होतं. मूल जेवलेलं असलं तरी चालतं. आकडा २०० च्या वर गेला, तर उद्या उपाशीपोटी पुन्हा यायचं असं ठरवून घरी परतू नका. तसंच उठून, इन्सुलिन सुरू करता येईल अशा रुग्णालयात जा.