खिल्लार गाय आणि तिचे तूप

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत ह्या तालुक्यांत पाऊस थोडा आणि जमीन बहुधा हलकी. तथापि ह्याच मुलखाने महाराष्ट्रास खिल्लार बैल दिला. ह्या जातीचा एक प्रसिद्ध प्रकार आटपाडी महालाच्या नावाने ओळखला जातो. हा महाल संस्थाने विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ सालापर्यंत, औंध संस्थानात होता. पांढरा वा करडा रंग, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे, अंगासरशी घट्ट कातडी व चपळ चाल ही ह्या जनावराची लक्षणे होत. खरसुंडीच्या सिद्धनाथाची व पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा ह्याच गुरांच्या बाजारासाठी नावाजलेल्या आहेत.

ही जात दुधासाठी नव्हे, ओढीसाठी जोपासली गेली. एका वेतात गाय सरासरी ४०० किलोच्या आतबाहेर दूध देते. त्यातूनही खोंडास भरपूर पाजावयाचे, कारण चांगला खोंड हेच खरे उत्पन्न. उरलेल्या दुधाचे विरजण लावून, घुसळून लोणी काढावे व ते कढवावे, ही घरोघरची रीत.

युरोपात जादा दूध टिकविण्यासाठी चीज करून ते महिनोन् महिने मुरवितात. त्यास थंड तळघर लागते, आणि दूध साकळविण्यासाठी पूर्वापार वासराच्या जठरातील रस वापरीत. आपल्या उष्ण हवेत व आपल्या आचारात ह्या दोन्ही गोष्टी बसणाऱ्या नव्हत्या. आपल्या लोकांनी लोण्यातील पाणीच आटवून तूप केले. पाण्याचा अंश गेल्याने त्यात जंतू वाढत नाहीत; मात्र हवा व उजेड लागल्यास ते खवट होते. म्हणून तूप नीट कढवावे, बरणी कोरडी व झाकलेली ठेवावी आणि ओला चमचा आत घालू नये. मुरलेले तूपही आपणांस नवे नाही. आयुर्वेदात 'पुराण घृत' औषधात सांगितले आहे. ते किती जुने असावे, ह्याविषयी कोणी एक वर्ष म्हणतात, कोणी दहा. असे तूप वैद्याच्या सल्ल्यावाचून पोटात घेऊ नये.

आता जमाखर्च पाहू. ४०० किलो दुधात शेकडा ४ स्निग्धांश धरला तर १६ किलो होतो. निम्मे दूध वासरास गेले, म्हणजे ८ किलो उरला. घुसळण्यातील तूट वजा जाता तूप सुमारे ७ किलो पडेल. गाईच्या चाऱ्यास दिवसाचे ६० रुपये धरिले तर वर्षाचे २१,९०० होतात. म्हणजे तुपास किलोमागे ३,१०० रुपयांहून अधिक मिळाले, तरच नुसता चारा निघेल, मजुरी निराळीच. केवळ तुपाच्या भरवशावर गोठा वाढवू पाहणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. शिवाय 'ए-टू' म्हणून मोठ्या किमतीस तूप विकणारे पुष्कळ निघाले आहेत. हा भेद दुधातील एका प्रथिनाचा आहे आणि तुपात प्रथिन जवळजवळ नसतेच, हे घेणाऱ्याने व विकणाऱ्याने दोघांनीही जाणावे.

मग गाय ठेवावी कशासाठी? ट्रॅक्टर आल्याने बैलाची गरज घटली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा खोंडांचे भाव पडले. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांस सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. तेव्हापासून चपळ खोंडास पुन्हा गिऱ्हाईक आहे. पण शर्यतीस थोडेच खोंड लागतात आणि कालवडीस तेथे स्थान नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईस 'राज्यमाता-गोमाता' म्हटले व दररोज ५० रुपयांचे अनुदान ठरविले; परंतु ते गोशाळांतील गाईंसाठी आहे, शेतकऱ्याच्या दावणीस नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, खोंड, तूप, ताक व शेणखत ह्या चारही बाबी एकत्र धरूनच ह्या गाईचा हिशेब करावा. दोन-तीन गावांनी मिळून एक अस्सल वळू राखावा, त्याच्या संततीची वहीत नोंद ठेवावी आणि चांगली कालवड बाजारात नेऊ नये. बैल विकत मिळेल. परंतु एकदा गाय गेली की बैल येणार कोठून?