एदेन बागेंतील मोह आणि ईश्वरावरील भरंवसा

पवित्र शास्त्रांतील ज्या कथा लहानपणापासून आपल्या कानांवर पडतात, त्यांचा अर्थ आपणांस पूर्ण समजला आहे असें आपण सहज धरून चालतों. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांतील कथा ही अशांपैकींच एक होय. स्त्रीनें फळ खाल्लें, पुरुषास दिलें आणि जगांत पाप शिरलें. एवढ्यांत ती आटोपली जाते, आणि तीवरून स्त्रीजात स्वभावतःच दुबळी असून तीच मोहाचें मूळ आहे, असा सिद्धान्तही काढला जातो. शास्त्राच्या तासाला मुली हा सिद्धान्त खालीं मान घालून ऐकतात व मुलगे हंसत ऐकतात; नुकसान मात्र दोघांचेंही होतें. म्हणून मूळ कथा खरोखर काय सांगते, याचा थोडा विचार येथें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम स्त्रीच्या निर्मितीकडे पाहूं. मनुष्याचा एकटेपणा देवास इष्ट वाटला नाहीं, आणि त्यानें त्याला साजेसें साहाय्य निर्माण केलें. 'साहाय्य' म्हणतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें हाताखालची चाकरीण उभी राहते. परंतु मूळ इब्री भाषेंतील 'एझेर' हा शब्द जुन्या करारांत सुमारें वीस वेळां आला असून बहुतेक ठिकाणीं तो स्वतः देवाविषयीं योजिलेला आहे. मोशेच्या एका पुत्राचें नांव अलियेजर होतें. त्यांत हाच शब्द असून 'माझा देव साहाय्य आहे' असा त्याचा अर्थ होतो. भक्त संकटांत ज्या शब्दानें देवाचें स्मरण करितो, तो शब्द हीनपणाचा द्योतक कसा असेल? त्याला जोडून आलेल्या पदाचा अर्थ 'त्याच्या समोरची, त्याच्या जोडीची' असा आहे. तसेंच ज्या शब्दाचें भाषांतर आपण 'फासळी' असें करितों, तोच शब्द निर्गमाच्या पुस्तकांत कराराच्या कोशाच्या बाजूंकरितां आला आहे. तात्पर्य, सर्प जिच्याशीं बोलतो ती कमी प्रतीची कोणी नाहीं.

आतां मोहाची रीत पाहूं. कारण कथेचें मर्म येथेंच आहे. सर्प फळाची स्तुति करीत नाहीं. 'खा' असेंही तो कोठें म्हणत नाहीं. तो केवळ एक प्रश्न विचारितो: बागेंतील कोणत्याच झाडाचें फळ खाऊं नये, असें देवानें खरोखर सांगितलें काय? वस्तुतः देवानें सर्व झाडें मोकळीं ठेवून एकाचीच मनाई केली होती. सर्पानें उदारपणा झांकला आणि मनाई तेवढी पुढें आणिली. स्त्रीनें उत्तर ठीक दिलें, परंतु त्यांत 'स्पर्शही करूं नये' अशी पुस्ती जोडली. ही पुस्ती देवाच्या मूळ आज्ञेंत आढळत नाहीं. एक बंद झालेलें दार शंभर उघड्या दारांपेक्षां मोठें दिसूं लागलें होतें.

मग सर्पानें दोन गोष्टी सांगितल्या. आज्ञा मोडल्यानें मरण येणार नाहीं, ही पहिली. आणि मनुष्य आपल्या बरोबरीस येईल म्हणून देव ही वस्तु दडवून ठेवीत आहे, ही दुसरी. खरा दंश या दुसऱ्या गोष्टींत आहे. देवाचें सामर्थ्य सर्पानें नाकारिलें नाहीं. त्याचा चांगुलपणा नाकारिला. आणि हा संशय मनांत शिरल्यावरच तें झाड खावयास चांगलें, दिसावयास मनोहर व शहाणपण देणारें भासलें. भरंवसा अगोदर गेला, हात नंतर पुढें झाला.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या साऱ्या संभाषणांत देवाविषयीं बोलणें होतें, पण देवाशीं कोणीच बोलत नाहीं. जो दिवस निवाल्यावर बागेंत फिरत असे, त्याला आपली शंका विचारणें कांहीं कठीण नव्हतें. भरंवसा म्हणजे शंकाच न येणें असें नव्हे. आलेली शंका ज्याची त्याच्यापाशीं घेऊन जाणें, हाही भरंवसाच होय.

या वेळीं पुरुष कोठें होता? इब्री मूळांत, तिनें 'आपल्याबरोबर असलेल्या' पतीला फळ दिलें, असें स्पष्ट आहे. शिवाय आज्ञा देवानें त्यालाच, स्त्री निर्माण होण्यापूर्वीं, दिली होती. आणि सर्पाचें भाषणही मुळांत अनेकवचनी, म्हणजे दोघांस उद्देशून आहे. तरी त्यानें एक शब्दही उच्चारल्याचें कथेंत नाहीं. इ. स. ४०० च्या सुमारास जेरोमनें केलेल्या लॅटिन भाषांतरांत 'तिच्याबरोबर' हें पद गळलें, आणि तें भाषांतर पश्चिमेकडील मंडळ्यांत अनेक शतकें वाचलें गेलें. त्याच्याही पूर्वीं, इ. स. २०० च्या सुमारास, कार्थेजच्या तेर्तुल्यनानें स्त्रियांच्या वेषभूषेविषयीं लिहितांना प्रत्येक स्त्रीला हव्वेच्या अपराधाची वांटेकरीण ठरविलें होतें. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत स्त्री फसविली गेली असें म्हटलें आहे, हें खरें. परंतु रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल मरणाच्या शिरकावाचा संबंध आदामाशीं जोडतो, आणि करिंथकरांस लिहितांना हव्वेचें उदाहरण स्त्रीपुरुषांच्या साऱ्या मंडळीला इशारा म्हणून देतो.

एका पदानें एवढा फरक पडत असेल, तर मूळ भाषेंतून शास्त्र वाचणाराचें महत्त्व केवढें! आपल्या महाराष्ट्रांत हें कार्य एका स्त्रीनें केलें, हें येथें सांगितलेंच पाहिजे. पंडिता रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांचा अंत झाला, आणि १९२४ सालीं तें शास्त्र केडगांव येथील मुक्तिसदनाच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. ज्ञानाची इच्छा हा स्त्रीचा अपराध असता, तर देवानें हें काम तिच्या हातीं दिलें नसतें.

अपराधानंतर काय झालें? पुरुषानें बोट स्त्रीकडे दाखविलें, आणि ती स्त्री देवानेंच दिली असें म्हणून दोष देवावरही ढकलला. स्त्रीनें सर्पाकडे बोट दाखविलें. 'शाप' हा शब्द मात्र सर्पाला व भूमीला लागला आहे. स्त्रीला किंवा पुरुषाला नाहीं. स्त्रीच्या वांट्यास प्रसूतीच्या वेदना व पतीचें स्वामित्व आलें, पुरुषाच्या वांट्यास निढळाचा घाम आला. हें स्वामित्व पहिल्या अध्यायांत नाहीं. तेथें पृथ्वीवरील सत्ता दोघांसही सारखीच दिली आहे. तेव्हां पतीचा जुलूम हा सृष्टीचा नियम नसून बिघाडाचें फळ आहे. आणि न्याय करितांनाही देवानें स्त्रीच्या संततीविषयीं अभिवचन दिलें, व दोघांकरितां चर्माचीं वस्त्रें स्वतः केलीं. 'जीवन' या अर्थाचें हव्वा हें नांवही तिला या प्रसंगानंतर मिळालें.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायांत हीच परीक्षा पुनः होते. एदेनांत सर्व कांहीं होतें, अरण्यांत कांहीं नव्हतें. तेथें पोट भरलेलें होतें, येथें चाळीस दिवसांचा उपास होता. तरी प्रभु येशू ढळला नाहीं; पित्याच्या वचनावर तो तिन्ही वेळां टिकून राहिला. यावरून दिसतें कीं, भरंवसा हा विपुलतेवर अवलंबून नसतो. आणि मोहाला बळी पडणें हें जसें केवळ स्त्रीचें लक्षण नव्हे, तसा त्यावर जय मिळविण्याचा मार्गही दोघांस एकच आहे.

विद्यार्थी व विद्यार्थिनींनो, परीक्षेच्या खोलींत शेजारच्या कागदाकडे नजर वळते, तेव्हां हीच पावलें पडत असतात: मनाई जाचक वाटते, ती घालणाराच्या हेतूविषयीं शंका येते, 'कांहीं होणार नाहीं' असें मन म्हणतें, आणि मग हात पुढें होतो. पहिल्याच पावलाला थांबून प्रार्थना करा. मुलग्यांनो, आपल्या चुकीचें खापर कोणा मुलीच्या माथीं फोडूं नका. तो आदामाचाच पहिला बहाणा आहे, आणि देवानें तो मान्य केला नाहीं. मुलींनो, हव्वेच्या नांवानें कोणी तुम्हांस खालीं पाहावयास लावील, तर शास्त्र उघडून ही कथा त्याला पूर्ण वाचून दाखवा. ज्यानें निषेधाच्या एका झाडाभोंवतीं सारी बाग मोकळी ठेविली, तो आपलें वाईट चिंतीत नाहीं, एवढें ज्याच्या मनांत पक्कें झालें, त्याच्यापाशीं सर्पाला बोलावयास फारसें उरत नाहीं.