क्लिपवाली एक्स्टेन्शन्स घेताय? मग हे वाचा

पूर्वी लग्नकार्याला गंगावन निघायचं, आता क्लिपवाली एक्स्टेन्शन्स. हौस तीच! घरी लावायला ही सगळ्यात सोपी. टेप किंवा गोंदवाली पार्लरवर सोडा.

मानेपासून सुरुवात करून वर चढत जायचं. कंगव्याच्या टोकाने आडवा भांग पाडा, वरचे केस गुंडाळून ठेवा आणि मुळाशी थोडं उलटं विंचरा. केस गुळगुळीत असतील तर हे हवंच, नाहीतर क्लिप घसरते. मग तिथे क्लिप दाबा, 'टक्' वाजलं की बसली. माथ्यावरचा थर मोकळा ठेवा, एक्स्टेन्शनची पट्टी त्याखाली झाकली जाते. कानशिलाजवळ मात्र नको. तिथले केस नाजूक, सततच्या ओढीने विरळ होतात. झोपताना काढायचीच.

खरी मेहनत पुढे. एक्स्टेन्शनच्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, त्यामुळे ते लवकर रखरखीत होतात. रोज धुऊ नका. धुताना सल्फेट नसलेला शाम्पू घेऊन हात वरून खाली फिरवा. चोळलंत की गुंता झालाच. कंडिशनर फक्त लांबीला, पट्टीच्या शिवणीला नाही. विंचरताना शिवण घट्ट धरून टोकांपासून सुरुवात करा.

स्वस्तातल्या साध्या सिंथेटिकला स्ट्रेटनर लावला तर केस वितळतात. रेमी म्हणजे खऱ्या मानवी केसांत, केसावरच्या बारीक खवल्यांची दिशा एकच राखलेली असते, म्हणून ते कमी गुंततात आणि महागही पडतात. तिरुमलाला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, तो माल याच धंद्यात येतो.

आणि हो, रंग दिवसाउजेडी बघा, मुळांशी नव्हे तर टोकांशी जुळवून.