वर्गाच्या कपाटात कोणाची मुले?

शाळेसाठी गोष्टींची पुस्तके घेणे हा आपल्याकडे बहुधा हिशेबाचा विषय असतो, विचाराचा नव्हे. अनुदान येते, विक्रेता सवलतीत गठ्ठा बांधून देतो, नोंदवहीत आकडे चढतात आणि कपाटाला कुलूप लागते. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयासाठी वार्षिक मर्यादा ठरली ती अशी: प्राथमिकला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि पहिली ते आठवीच्या शाळेला १३,०००. रक्कम तुटपुंजी आहे. म्हणूनच तिच्यातून कोणती पुस्तके येतात हा प्रश्न मोठा आहे.

मुलाच्या हाती कोणते पुस्तक पडावे याचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. सुभेदार रामजी आपल्या मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात हा सारा प्रसंग आहे. ही पुस्तके आम्हाला का वाचायला लावता, असे मुलाने विचारले. वडिलांचे उत्तर असे होते की, द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही साध्या कुळातली माणसे किती वर चढली हे वाचून अस्पृश्य मुलाच्या मनातला न्यूनगंड जातो. म्हणजे त्या काळात, हाती येणाऱ्या पुस्तकांतून, हा बाप आपल्या लेकरासाठी आरसा शोधत होता. लेकराने मात्र तो आरसा नाकारला. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्या वागण्याचा त्याने जाब विचारला. पुढे सत्कारसभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. ते १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. त्या एका पुस्तकाने काय घडले हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आता थेरगावातला एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. कोणाचा बाप चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर रात्रपाळी करतो, कोणाची आई वाकडच्या सोसायट्यांत धुणीभांडी करते. एका बाकावर मराठवाड्यातून आलेली बौद्ध मुलगी, शेजारी बिहारचा मुलगा, मागे मुसलमान सुताराचा पोर आणि पारधी समाजातला एखादा. यांच्या हातात आपण कोणत्या गोष्टी देतो? बहुतेक गोष्टींत स्वतंत्र खोली असलेला मुलगा असतो, सुट्टीत मामाच्या वाड्यावर जाणारा. मोलकरीण येते ती चहा ठेवून जाते. तिला आडनाव नसते, मुले नसतात.

अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली असाच हिशेब मांडला होता. १९६२ ते ६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा सुमारे सातांत, एखादे तरी काळे माणूस होते. आपल्या शिक्षक बंधू-भगिनींनी एखाद्या शनिवारी वर्गाचे कपाट उघडून असाच हिशेब करावा. किती गोष्टींतले घर पत्र्याचे आहे? किती गोष्टींतली मुलगी स्वतः निर्णय घेते? गरीब माणूस येतो तो काही करतो, की फक्त कोणाच्या तरी दयेला पात्र होतो?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘श्यामची आई’ घ्या. हे पुस्तक कपाटात हवेच. त्यात मोळीवाल्या म्हाताऱ्या महारणीला मदत करायला आई श्यामला पाठवते तो प्रसंग आहे, आणि साने गुरुजींची तळमळ खरी आहे. पण त्या प्रसंगात श्यामचे मन आपल्याला कळते, म्हातारीचे कळत नाही. तेव्हा शेजारीच बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ठेवावे. ते मराठीतही आले आहे. १९०१ साली नवे कपडे, नवे जोडे घालून मुले आगगाडीने वडिलांना भेटायला निघतात. मसूर स्टेशनावर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली, शिदोरी असून पाण्यावाचून रात्र काढली. इथे सांगणारा तोच आहे, ज्याच्यावर बेतली. दोन्ही लेखक कोकणच्या मातीतले, वयात जेमतेम आठ वर्षांचे अंतर. सहावी-सातवीच्या मुलांना ही दोन पाने एकाच तासाला वाचायला द्यावीत.

एकलव्याची गोष्ट गुरुभक्ती म्हणून सांगतात. ती काढून टाकू नये. फक्त अंगठा मागणाऱ्याबद्दल मुलांना बोलू द्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. आपण पुस्तके देणगी देतो ती बहुधा महापुरुषांची चरित्रे असतात. ती हवीतच. पण नऊ वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांचे मूलही लागते, खोड्या करणारे, पडणारे, हसवणारे. आपल्या मुलांच्या वाट्याला नुसते दुःख आणि आदर्शच का यावेत? हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास संस्थेने २००८ च्या सुमारास दलित, मुसलमान घरांतल्या मुलांच्या गोष्टींची चित्रमय मालिका काढली. ती तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आली. महाश्वेतादेवींची मोयना ही शबर मुलगी सारखी ‘का’ विचारते, आणि तिचे पुस्तक ‘तूलिका’ प्रकाशनाने अनेक भाषांत आणले. कांचा इलैया यांनी चर्मकार, कुंभार, परीट, न्हावी यांच्या कामातले ज्ञान मुलांना उलगडून सांगणारे पुस्तक २००७ साली लिहिले. त्याचा हिंदी अनुवाद भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने काढला आहे. वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या मुलांना तोच द्यावा. जपानची ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठी अनुवादात मिळते. तिच्यात पोलिओ झालेला मित्र झाडावर चढतो तो भाग वाचून दाखवा आणि वर्ग कसा ऐकतो ते पाहा.

नववी-दहावीसाठी शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ ठेवावे. ‘बलुतं’, ‘उचल्या’ ही मोठी पुस्तके, पण त्यांतला काही मजकूर प्रौढांसाठी आहे. शिक्षकाने आधी स्वतः वाचून उतारे निवडावेत.

यादी ठरते कुठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित व सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. आपल्या वस्तीतल्या किती तरी माता या समितीवर आहेत आणि ठरावावर सही करून घरी येतात. पुढच्या बैठकीला पुस्तकांची यादी मागून घ्या. वाचता येत नसेल तर मुख्याध्यापकांना ती मोठ्याने वाचायला सांगा, आणि प्रत्येक नावावर विचारा: साहेब, ही गोष्ट कोणाच्या पोराची आहे?