केबल वळू द्या, चेपू देऊ नका

गच्चीवरच्या डिशपासून टीव्हीपर्यंत येणारी कोअ‍ॅक्सिअल केबल खिडकीच्या चौकटीपाशी बहुधा काटकोनात दाबून वळवली जाते. या केबलचा ७५ ओहम इम्पीडन्स तिच्या लांबीवर ठरत नाही. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्या व्यासांचे गुणोत्तर आणि दोहोंमधला प्लास्टिकचा फोम यांवर तो ठरतो. म्हणून वळणाचा प्रश्न मुळात भूमितीचा आहे. आरजी-६ केबलमध्ये फोमचा व्यास साडेचार मिलिमीटरच्या आसपास असतो. सैल वळणात मधली तार पाव मिलिमीटर बाजूला सरकली, तरी हिशेबाने इम्पीडन्स एक टक्काही घटत नाही. काटकोनात मात्र फोम चिरडतो, जाळी तारेजवळ येते, तिथली धारिता वाढते आणि इम्पीडन्स उतरतो. तो ६० ओहमवर आला, तर चेपलेल्या भागाच्या सीमेवर सिग्नलच्या व्होल्टेजचा नववा हिस्सा मागे फिरतो.

यावर रास्त आक्षेप असा, की चेपलेला भाग जेमतेम सेंटिमीटरभर असतो आणि त्याच्या दोन टोकांवरची परावर्तने एकमेकांना बरीचशी खोडतात. १०० मेगाहर्ट्झच्या एफएमला हे लागू पडते, कारण तिथे केबलमधली तरंगलांबी सुमारे अडीच मीटर असते. डिशचा सिग्नल केबलमधून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर येतो. वरच्या टोकाला तरंगलांबी १२ सेंटिमीटरहून कमी भरते, त्यामुळे तिथे सेंटिमीटरही मोजावा लागतो. दर ३० सेंटिमीटरवर क्लिपा घट्ट ठोकल्या, तर सुमारे ४१५ मेगाहर्ट्झच्या पटींवर सगळ्या चेपांची परावर्तने एकमेकांत मिसळून वाढतात. त्यांतल्या १२४५, १६६० आणि २०७५ या वारंवारता नेमक्या डिशच्या पट्ट्यात येतात.

दुसरा आक्षेप असा, की चित्र तर स्वच्छ दिसते. एकट्या चेपेने चित्र सहसा जात नाही, हे खरे. पण डिजिटल चित्र हळूहळू धूसर होत नाही. चुका दुरुस्त होतात तोवर ते निर्दोष दिसते आणि मर्यादा ओलांडली की थिजते. जोरदार पावसात सिग्नल क्षीण होतो तेव्हा हाताशी राखीव ताकद लागते, आणि ती चेपांनी आधीच खाल्लेली असते. चिरडलेला फोम केबल सरळ केल्याने पूर्ववत होत नाही. म्हणून वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या दसपट, आरजी-६ साठी सुमारे ७ सेंटिमीटर ठेवावी, क्लिप सैल बसवावी आणि चेपलेला तुकडा बदलूनच घ्यावा.