परसातली होळी आणि २५ फूट

अमेरिकेत घरामागच्या अंगणात शेकोटी पेटवायला परवानगी लागते का? याला देशभर लागू पडेल असं एक उत्तर नाही. बहुतेक ठिकाणचे अग्निनियम ‘इंटरनॅशनल फायर कोड’ या नमुना संहितेवर बेतलेले असतात. राज्यं आणि शहरं त्यात आपापले फेरफार करतात. तरी मूळ संहिता कळली की गावचा नियम वाचणं सोपं जातं.

आग कशासाठी, हे संहितेला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. मौज, स्वयंपाक, ऊब, धार्मिक विधी, सगळं एकाच व्याख्येत. पाहिला जातो तो आकार. उघड्यावर रचलेली लाकडं ३ फूट व्यास आणि २ फूट उंचीच्या आत असली, तर ती ‘रिक्रिएशनल फायर’. घर, शेड, लाकडी कुंपण, वाळका पाचोळा, सगळं तिच्यापासून २५ फूट दूर हवं.

आता टेप लावा. मधे ३ फूट आणि दोन्ही बाजूंना २५-२५, म्हणजे ५३ फूट मोकळी रुंदी! उपनगरातल्या किती परसांत ती सापडणार? म्हणून लोक दुकानातून पायांवर उभी राहणारी लोखंडी फायर पिट आणतात. तिला १५ फूट पुरतात, आणि एक किंवा दोन कुटुंबांच्या घरांना मूळ संहितेत तीही अट नाही. अपार्टमेंटवाल्यांना मात्र आहे.

आपली होळी रचायची तर गुडघ्याच्या फार वर जाऊ देऊ नये. कंबरेला लागली की ती ‘बॉनफायर’. मग अंतर ५० फूट आणि रीतसर परवाना. पेटल्यापासून पूर्ण विझेपर्यंत कुणीतरी जवळ थांबायचं, हाताशी पाण्याची नळी, वाळू किंवा अग्निशामक ठेवायचा. पुरणपोळीसाठी सगळ्यांनी एकदम आत जायचं नाही.

हवेचा नियम वेगळा. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात ‘स्पेअर द एअर’चा इशारा असेल त्या दिवशी लाकूड जाळणं घरात-बाहेर दोन्हीकडे बंद, गॅसची फायर पिट चालते. पहिल्यांदा सापडलात तर धुराविषयीचा छोटा अभ्यासक्रम करा, नाहीतर १०० डॉलर भरा.

आणि अंतरं बरोबर असूनही धुराचा शेजाऱ्यांना त्रास झाला, तर अग्निशमन अधिकारी आग विझवायला लावू शकतो. ओलं लाकूड सगळ्यात जास्त धुरतं. तेवढं टाळलंत तरी निम्म्या तक्रारी येणार नाहीत.